टायर, हवा आणि द्रुतगती मार्ग

उन्हाळ्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर निघण्यापूर्वी चाकांतील हवा थोडी कमी करावी, म्हणजे ती तापून फुगली तरी टायर फुटणार नाही, असा सल्ला आपल्याकडे पुष्कळ घरांत दिला जातो. सल्ल्यामागे माया असते. परंतु तो नेमका उलटा आहे आणि जिवावर बेतू शकतो.

टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. सर्वांत आत हवा धरून ठेवणारे ब्युटाइल रबराचे अस्तर असते. त्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडव्या ताणलेल्या पॉलिस्टरच्या दोऱ्यांचा थर येतो. कापडाच्या व्यापाऱ्याने पाहिले तर त्यात ताणा दिसेल, बाणा जवळजवळ नाहीच. दोन्ही कडांतील पोलादी तारांची कडी रिमला घट्ट धरतात. रस्त्याच्या बाजूला तिरक्या पोलादी तारांचे पट्टे आणि त्यांवर खाचांचा जाड थर. हे सारे साच्यात उष्णतेने, गंधकाच्या योगाने एकजीव करतात. ही क्रिया चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये गवसली. एवढी वीण असली तरी गाडीचे वजन मुख्यतः पेलते ती आत दाबून भरलेली हवाच.

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते आणि या वाकण्यातूनच उष्णता निर्माण होते. साधारण मोटारीचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे 500 फेरे घेते. ताशी 100 किलोमीटर वेगाला ते सेकंदाला चौदा-एक फेरे होतात आणि सुमारे 94 किलोमीटरच्या या मार्गावर जवळजवळ 47 हजार. तितक्या वेळा वाकून तापलेले थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि टायर फाटतो. याउलट योग्य दाबाची हवा 30 अंशांनी तापली तरी दाब सुमारे 5 पीएसआयने वाढतो, आणि टायर ही वाढ गृहीत धरूनच घडवलेला असतो. दोष काँक्रीटच्या माथी मारणे सोपे आहे; परंतु त्याच काँक्रीटवर रोज असंख्य धड टायर सुखरूप धावतात.

दाब किती हवा, हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेले असते. तेथे बहुधा दोन आकडे असतात. पाच माणसे आणि मुंबईहून आणलेल्या मालाचे गठ्ठे असतील, तर मोठा आकडा आपला. दाब गाडी थंड असतानाच, सकाळी निघताना मोजावा. वाटेत तापलेल्या टायरमधील हवा काढू नये. नायट्रोजनसाठी पैसे मोजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. तो किंचित सावकाश झिरपतो, इतकेच. दाब मोजण्यापासून सुटका नाही.

सुमारे 620 मीटर उंचीच्या लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना सतत दाबलेल्या ब्रेकची उष्णता रिममधून टायरपर्यंत पोहोचते, म्हणून खालचा गिअर वापरावा. मावळातील पावसात प्रश्न खाचांचा. त्यांतून पाणी बाहेर फेकले गेले नाही, तर चाक पाण्यावर तरंगते आणि सुकाणू हातात असूनही निरुपयोगी ठरते. मोटारीसाठी खाचांची किमान कायदेशीर खोली 1.6 मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात; झिजलेला पृष्ठभाग त्यांच्या पातळीला आला, की टायर बदलण्याची वेळ झाली. बाजूला फुगवटा दिसला, तर मात्र तेवढीही वाट पाहू नये. आतील दोऱ्या तुटलेल्या असतात.

दुकान ते घर एवढेच धावणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतात. रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नवा टायर घेतानाही तो पाहावा. जुना साठा ओळखणे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि झीज नसली तरी दहा वर्षांनी बदल, असे अनेक उत्पादक सांगतात. डिकीतील स्टेपनीलाही हाच हिशेब लागू आहे, आणि तिच्यातील हवा तर बहुतेकांनी गाडी घेतल्यापासून मोजलेली नसते.