पन्नास पैशांच्या आतली तपासणी

गरोदरपणात दवाखान्यात वागणूक कशी मिळाली हे सुनेला विचारायचं असेल, तर पहिलं काम सासूला गुंतवून ठेवणं. जाफराबाद तालुक्यात पाहणीला फिरणाऱ्या मुली हे दुसऱ्या-तिसऱ्या घरातच शिकायच्या. सासू ओट्यावर असली की उत्तर तीच देते, "समदं चांगलं झालं, लिहा." म्हणून जोडीनं जायचं. एकीनं बाहेर पाणी, रेशनकार्ड, शौचालय असले प्रश्न लांबवत बसायचं, दुसरीनं आत सुनेशी बोलायचं. सासूबाईंचे ते फॉर्म आम्ही फार मनापासून भरायचो. पुढे ते कुणी उघडले असतील असं वाटत नाही.

दुसरी अडचण मोजपट्टीची. गरोदरपणातल्या सेवेबद्दल कॅनडात तयार झालेली एक नावाजलेली प्रश्नावली आहे. तिच्यात ४६ विधानं, आणि प्रत्येकाशी आपण किती सहमत ते पाच पायऱ्यांवर सांगायचं. त्या धर्तीवरचं काही घेऊन टेंभुर्णीकडच्या पहिलटकरणीपुढं बसलं, की ती आधी आपल्याकडं बघते, मग दाराकडं, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर बोट ठेवून मोकळी होते. आम्ही हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ताही करून पाहिला. एकीनं थेट रडका चेहरा निवडला. सिस्टरचं काही चुकलं का, असं विचारलं तर म्हणाली, "कुठं काय? बाळ असंच दिसतं म्हणून."

उपाय शेवटी गावातच सापडला. इकडं दरसाल पिकांची पैसेवारी जाहीर होते आणि ती ५० पैशांच्या आत आली की दुष्काळ, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एक बाई आपणहून बोलून गेली, "गोळ्यांचं म्हणाल तर ऐंशी पैसे. बोलण्याचं म्हणाल तर पन्नासाच्या आतच धरा." त्यानंतर आम्ही सगळ्यांना पैशांतच विचारू लागलो. आकडे घसरले, पण बायका विचार करून उत्तर देऊ लागल्या. वरिष्ठांना 'पैसे' हा रकाना पटवताना मात्र नाकी नऊ आले.

एवढा खटाटोप का, हा प्रश्न रास्त आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. बाई दवाखान्यापर्यंत पोचते. पोचल्यावर काय, हे विचारायचं राहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये गरोदरपणातल्या तपासण्या चारावरून आठावर नेल्या, तेव्हा बाईचा अनुभव चांगला असला पाहिजे, हेही त्यात धरलं. त्याच वर्षी आपल्याकडं दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी सुरू झाली. त्या दिवशी फाटकाबाहेर विचारलं तर प्रत्येकीचं 'चांगलं' असतं. त्यातल्याच एखादीला आठवड्यानं घरी गाठा. सकाळपासून उभी होते, बसायला बाकडं नव्हतं, पोट तपासताना पडदा नव्हता, सगळं बाहेर येतं.

माझं मत असं झालंय की समाधान विचारूच नये, घडलं ते विचारावं. रक्तदाब पाहिला? "हो." किती होता? "ते कुठं सांगत्यात!" या दोन ओळींत जेवढं कळतं, तेवढं सगळ्या पायऱ्या चढूनही कळत नाही. २००७ पासून राज्यातल्या पाच जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीत गावकरी आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. तिथंही लाल रंग का, याचं उत्तर घडलेल्या प्रसंगातूनच द्यावं लागे.

शिवाय इथली बाई एका दवाखान्याची नसतेच. तपासण्या सासरी, आणि सातवा लागला की माहेरी, म्हणजे बऱ्याचदा चिखली किंवा देऊळगाव राजाकडं. जिल्हा बदलला, कार्डावरचं अक्षर बदललं, बाई तीच. गुण कुणाच्या नावावर टाकायचे?

त्यावर तोडगा म्हणून शेवटी एक प्रश्न घातला होता: घरातल्या दुसऱ्या गरोदर बाईला याच ठिकाणी आणाल का? एकीनं क्षणाचाही वेळ न घेता सांगितलं, "नणंदेला आणीन. बहिणीला न्हाई." फॉर्मवर 'हो' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते. आमच्या मुलीनं दोन्हींत खूण केली, आणि संध्याकाळी फॉर्म तपासणाऱ्यानं ती नोंद चुकीची म्हणून रद्द केली.