डॉक्युमेंट अपडेट करताना: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये नवी नोंद घालणं सोपं असतं आणि शोधणंही लवकर जमतं. चुका होतात त्या असलेली नोंद बदलताना, आणि त्यांतल्या बऱ्याचशा एकाच समजुतीतून येतात. ती समजूत अशी: डॉक्युमेंट म्हणजे वर्डमधली फाइल, ती उघडायची, हवा तो मजकूर बदलायचा आणि सेव्ह करायची. नोंद जेसनसारखी दिसते आणि प्रोग्रॅममध्ये अख्खा ऑब्जेक्ट होऊन हाती येते, त्यामुळे असं वाटणं स्वाभाविकच आहे. पण डेटाबेसमधल्या एकाच नोंदीवर एकाच क्षणी अनेक प्रोग्रॅम काम करत असतात, आणि एकाने वाचलेली प्रत दुसऱ्याच्या बदलामुळे केव्हा शिळी झाली हे पहिल्याला कळत नाही. म्हणून अपडेट ही डेटाबेसला दिलेली सूचना समजावी: अमुक अटीत बसणाऱ्या नोंदीत अमुक बदल कर. अट आणि बदल दोन्ही एकाच सूचनेत पाठवले की पुढचे बरेच घोटाळे उद्भवतच नाहीत.

हे दुकानाच्या साठ्यावरून बारकाईने पाहू. एका वस्तूच्या डॉक्युमेंटमध्ये साठा 5 आहे. दोन ग्राहकांच्या ऑर्डर एकाच वेळी येतात. दोन्ही प्रोग्रॅम डॉक्युमेंट वाचतात, दोघांना 5 दिसतात, दोघेही एक वजा करून 4 लिहितात. वस्तू दोन गेल्या, साठा मात्र 4 दाखवतो. कुठेही एरर येत नाही आणि लॉगमध्येही काही दिसत नाही. ‘मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटवरचं लेखन अॅटॉमिक असतं, मग असं होईलच कसं?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. लेखन अॅटॉमिक असतं हे खरंच, पण ती हमी त्या एका लेखनापुरती आहे; आधी केलेलं वाचन आणि नंतरचं लेखन यांच्यामधल्या वेळेला ती लागू नाही. याच कामासाठी ‘इन्क’ ऑपरेटर वापरून ‘साठ्यातून 1 वजा कर’ असं सांगितलं, तर दोन्ही सूचना एकापाठोपाठ लागू होतात आणि साठा 3 राहतो. शोधाच्या अटीतच ‘साठा किमान 1 असेल तर’ हेही घातलं की साठा शून्याखाली जात नाही. सूचनेला एकही डॉक्युमेंट जुळलं नाही, तर वस्तू संपली असं समजायचं. दोन लेखनं एकमेकांच्या आड आली, तर सर्व्हर मागे पडलेलं लेखन स्वतःच पुन्हा करून पाहतो आणि त्या वेळी अटही नव्याने तपासतो.

यावर आक्षेप असा की पूर्ण डॉक्युमेंट वाचून पूर्ण लिहिणं सोपं आहे आणि कोडही स्वच्छ राहतो. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण काउचडीबी हा जुना आणि प्रतिष्ठित डेटाबेस मुळात याच रीतीने चालतो. पण तो त्यासाठी एक किंमत घेतो. प्रत्येक डॉक्युमेंटवर ‘रेव्ह’ नावाची आवृत्तीखूण असते आणि अपडेट करताना ती परत द्यावी लागते. दरम्यान कोणी दुसऱ्याने बदल केला असेल तर खूण जुळत नाही आणि डेटाबेस 409 हा कॉन्फ्लिक्टचा कोड देऊन लेखन नाकारतो. म्हणजे पूर्ण डॉक्युमेंट लिहिण्यात वावगं काही नाही, आवृत्ती न तपासता लिहिण्यात आहे. मोंगोडीबीतही डॉक्युमेंटमध्ये आवृत्तीचा आकडा ठेवून आणि तो शोधाच्या अटीत घालून हेच साधता येतं. जाता जाता एक: काउचडीबीतल्या या आवृत्त्या म्हणजे बदलांचा इतिहास, असं धरून चालणारे बरेच असतात. तो इतिहास नाही. कॉम्पॅक्शन झालं की जुन्या आवृत्त्यांचा मजकूर पुसला जातो. इतिहास हवा असेल तर तो वेगळा लिहून ठेवावा लागतो.

‘सेट’ ऑपरेटर वापरला म्हणजे फक्त सांगितलेलं तेवढंच बदलतं, हा समज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. समजा ग्राहकाच्या डॉक्युमेंटमध्ये पत्ता हे फील्ड आहे आणि त्याच्या आत गाव, तालुका आणि पिन आहेत. पिन दुरुस्त करायचा म्हणून कोणी पत्त्यालाच फक्त ‘पिन 416001’ एवढं असलेलं नवं मूल्य सेट केलं, तर गाव आणि तालुका दोन्ही जातात. डेटाबेसने सांगितलं तेच केलं: पत्ता या फील्डचं मूल्य बदललं. त्याऐवजी मधे टिंब देऊन ‘पत्ता.पिन’ असं लिहायला हवं होतं. पूर्ण डॉक्युमेंट बदलण्याबाबतचा धोका आता कमी झाला आहे. जुन्या ‘अपडेट’ कमांडला ऑपरेटरशिवाय नुसतं डॉक्युमेंट दिलं की ती सगळी नोंद बदलून टाकायची. ‘अपडेटवन’ असं डॉक्युमेंट स्वीकारतच नाही. पूर्ण बदलायचं तर ‘रिप्लेसवन’ असं स्पष्ट म्हणावं लागतं. नव्या कोडमध्ये जुनी कमांड वापरण्याचं कारण उरलेलं नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज ‘अपडेटमेनी’चा. एकच कमांड दिली म्हणजे एक तर सगळी डॉक्युमेंट बदलतील, नाही तर एकही नाही, असं रिलेशनल डेटाबेसवरून आलेल्यांना वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक डॉक्युमेंटचा बदल स्वतंत्रपणे अॅटॉमिक असतो, सगळ्या कमांडचा नाही. सर्व वस्तूंच्या किमती 10 टक्क्यांनी वाढवायला ‘मल’ ऑपरेटरने 1.1 ने गुणायला सांगितलं आणि काम अर्ध्यावर तुटलं, तर काही किमती वाढलेल्या राहतात, काही जुन्याच. घाईत तीच कमांड पुन्हा चालवली की आधी वाढलेल्या किमती दुसऱ्यांदा वाढतात, आणि मग कुठली किंमत एकदा वाढली नि कुठली दोनदा हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. उपाय मात्र साधा आहे. त्याच अपडेटमध्ये ‘दरपत्रक: 2’ अशी खूण सेट करावी आणि अट घालावी की ज्यांच्यावर ही खूण नाही तेवढीच डॉक्युमेंट बदलावीत. किंमत आणि खूण एकाच डॉक्युमेंटमध्ये असल्याने दोन्ही एकत्रच बदलतात. मग कमांड दहा वेळा चालवली तरी बिघडत नाही.

‘आता ट्रान्झॅक्शन आहेत, मग एवढी काळजी कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. मोंगोडीबीत अनेक डॉक्युमेंटवरची ट्रान्झॅक्शन 2018 मध्ये 4.0 या आवृत्तीत रेप्लिका सेटसाठी आली, 2019 च्या 4.2 मध्ये शार्ड केलेल्या क्लस्टरलाही मिळाली. एका खात्यातून पैसे काढून दुसऱ्यात जमा करायचे असतील, तर ती वापरलीच पाहिजेत. पण त्यांची मुदत मुळात 60 सेकंदांची असते, त्यामुळे लाखो नोंदींचं काम एका ट्रान्झॅक्शनमध्ये कोंबता येत नाही. शिवाय साठ्याच्या उदाहरणात दोघांनी आपापल्या ट्रान्झॅक्शनमध्ये 5 वाचून 4 लिहायचा प्रयत्न केला, तर दुसऱ्याचं ट्रान्झॅक्शन रद्द होतं आणि ते पुन्हा चालवण्याची तजवीज कोडमध्ये ठेवावी लागते. एका ‘इन्क’ने होणाऱ्या कामाला एवढी यंत्रणा कशाला जुंपायची?

एरर आली नाही म्हणजे बदल झाला, हाही तितकाच पसरलेला समज. अटीत चूक असली आणि एकही डॉक्युमेंट जुळलं नाही, तरी कमांड यशस्वीच ठरते. उत्तरात जुळलेल्या आणि प्रत्यक्ष बदललेल्या डॉक्युमेंटची संख्या वेगवेगळी येते, ती वाचायची असते. ‘अपसर्ट’ म्हणजे नोंद असेल तर बदल, नसेल तर नवी घाल. यात दुहेरी नोंद होणार नाही अशी खात्री अनेकजण धरतात. संबंधित फील्डवर युनिक इंडेक्स नसेल, तर एकाच वेळी आलेले दोन अपसर्ट दोन नोंदी करू शकतात. मोंगोडीबीत लिहिलेलं हरवतं या जुन्या बोलण्याला मात्र एकेकाळी आधार होता: 2012 च्या अखेरपर्यंत ड्रायव्हर मुळात सर्व्हरच्या पोचपावतीची वाटच पाहत नसत. 2021 मधल्या 5.0 पासून बहुतेक मांडण्यांत बहुसंख्य सर्व्हरवर लेखन पोचल्याशिवाय पावती मिळत नाही.

राहिला ‘डॉक्युमेंट डेटाबेसला स्कीमा नसतो’ हा समज. स्कीमा सक्तीचा नसतो, एवढंच खरं. ‘किंमत’ऐवजी चुकून ‘किमत’ लिहून सेट केलं, तर डेटाबेस निमूटपणे नवं फील्ड तयार करतो आणि जुनी किंमत तशीच राहते. ही चूक पकडण्यासाठी 3.2 पासून कलेक्शनला व्हॅलिडेशनचे नियम लावता येतात, आणि 3.6 पासून ते जेसन स्कीमाच्या रूपात लिहिता येतात. नियम लावल्याने आधीच्या नोंदी तपासल्या जात नाहीत. त्या पुढच्या अपडेटच्या वेळी अडतात. स्ट्रिक्ट या मूळ पातळीवर तर नियम मोडणाऱ्या जुन्या डॉक्युमेंटचं दुसरंच एखादं फील्ड बदलायला गेलं तरी लेखन नाकारलं जाऊ शकतं. चालू सिस्टिमवर नियम लावायचे असतील तर आधी मॉडरेट पातळी ठेवा आणि जुन्या नोंदी दुरुस्त करून घ्या.

तुमच्याकडे असा डेटाबेस वापरणारा कोड असेल, तर त्यात आधी वाचन आणि मग त्याच डॉक्युमेंटचं पूर्ण लेखन अशा जोड्या शोधा. प्रत्येक ठिकाणी एकच विचारा: या दोन ओळींच्या मधे दुसऱ्या कोणी तेच डॉक्युमेंट बदललं तर काय होईल? उत्तर ठाऊक नसेल, तर तिथे ऑपरेटर वापरा, नाही तर आवृत्तीचा आकडा अटीत घाला.