पाणबुड्यांचीं सडपातळ घड्याळें



काळ आणि पाणी यांचा संबंध आपल्याला नवा नाहीं. मनगटी घड्याळ घरांत येण्यापूर्वीं कित्येक शतकें आपले पूर्वज पाण्याच्याच साह्यानें वेळ मोजीत असत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यानें भरलेल्या घंगाळांत सोडावयाची. छिद्रांतून पाणी आंत येत येत ती २४ मिनिटांनीं बुडाली, म्हणजे एक घटका झाली. अशा साठ घटका म्हणजे एक अहोरात्र. लग्नमुहूर्ताच्या वेळीं घटिकापात्र मांडण्याची चाल अजूनहि कांहीं घरांत पाळली जाते, आणि एखाद्याची घटका भरली असें आपण म्हणतों तें याच वाटीवरून. भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका आपणांस ठाऊक असेल. तिच्या अंगावरील मोतीं घटिकापात्रांत पडलें, छिद्र बुजलें, वाटी बुडालीच नाहीं आणि मुहूर्त टळला. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यांत यंत्रविद्येचें एक मर्म आहे. घटिकापात्र गळलें तरच वेळ सांगतें. मनगटी घड्याळ गळलें कीं वेळ सांगण्याचें सोडतें. या दुसऱ्या यंत्राला पाण्यापासून राखण्याची जी खटपट गेल्या शंभर वर्षांत झाली, तिचा थोडा परिचय आज करून द्यावयाचा आहे.

नांदेड-लातूरकडील श्रोत्यांच्या मनांत येथें एक शंका येईल. समुद्र आपल्यापासून शेकडों मैल दूर. लातूरला तर २०१६ च्या उन्हाळ्यांत पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून पांच लाख लिटर पाणी आलें. अशा मुलखांत पाणबुड्याचें घड्याळ कशाला? शंका रास्त आहे. परंतु घड्याळाचा वैरी एकटा समुद्र नव्हे. वैशाखांत पारा चाळिसाच्या वर गेल्यावर मनगटावरून निथळणारा घाम, आणि उन्हाळ्याच्या वावटळीबरोबर उडणारी काळ्या मातीची धूळ, हे दोन शत्रु समुद्राहून कमी नाहींत. घामांतील क्षार किल्लीच्या फटींतून आंत शिरतात आणि गंज चढवितात. धुळीचा कण तेलांत मिसळला कीं दांतेरी चाकें व कणे झिजवितो. जी डबी समुद्राला दाद देत नाहीं, ती घामाला आणि धुळीलाहि देत नाहीं.

आतां इतिहासाकडे वळूं. १९२६ सालीं रोलेक्स कंपनीनें 'ऑयस्टर' नांवाची डबी पुढें आणली. तिचें झांकण, कांचेभोंवतीचें कडें आणि किल्ली हीं तिन्हीं आट्यांनीं घट्ट बसविलेलीं होतीं. पुढच्याच वर्षीं, १९२७ च्या ऑक्टोबरांत, मर्सिडीझ ग्लाइट्झ ही इंग्रज तरुणी इंग्लिश खाडी पुनः पोहून जाण्याच्या प्रयत्नास निघाली. तिच्या गळ्यांत हें घड्याळ होतें. दहा तासांहून अधिक काळ थंड पाण्यांत काढल्यावर तिला बाहेर घ्यावें लागलें. घड्याळ मात्र चालूच राहिलें. तथापि पाणबुड्याचें घड्याळ ज्याला आज म्हणतात, तें १९५३ चें अपत्य. त्या वर्षीं ब्लांपें कंपनीचें 'फिफ्टी फॅदम्स', म्हणजे सुमारें ९१ मीटर खोलीचें नांव धारण करणारें घड्याळ निघालें. रोलेक्सचें 'सबमरीनर' आणि झोडियाकचें 'सी वुल्फ' हींहि त्याच सुमाराचीं. पाठीवर हवेची नळकांडीं बांधून पाण्याखालीं उतरण्याची विद्या नुकतीच प्रचारांत आली होती. किती वेळ झाला हें न कळल्यास हवा संपून प्राणावर बेतावयाचें.

म्हणून या घड्याळाच्या कडेला एक फिरतें वर्तुळ दिलेलें असतें. उतरतांना त्याची खूण मिनिटकांट्यासमोर आणावयाची. मग कांटा किती पुढें गेला तें पाहतांच गेलेली मिनिटें कळतात. पुढें या वर्तुळांत आणखी एक सुधारणा रूढ झाली: तें एकाच दिशेनें फिरेल असें करण्यांत आलें. खडकाला घासून तें चुकून सरकलेंच, तर गेलेला वेळ अधिक दिसेल, कमी दिसणार नाहीं. पाणबुड्या लवकर वर येईल, उशिरां नव्हे. चूक अपरिहार्य असेल तर ती जिवाच्या बाजूनें व्हावी, हा या लहानशा कड्यांतला विचार मला फार मोलाचा वाटतो. अशा घड्याळांसाठीं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८२ मध्यें प्रथम ठरलें. तें सांगतें कीं, घड्याळानें निदान १०० मीटर खोलीचा दाब सोसला पाहिजे, प्रत्येक नगाची परीक्षा सांगितलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखालीं झाली पाहिजे, आणि अंधारांत २५ सेंटिमीटरांवरून वेळ वाचतां आली पाहिजे.

मग हीं घड्याळें जाड कां होतात? याचें उत्तर साध्या गणितांत आहे. पाण्यांत दर दहा मीटर खोलीला सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ एक किलोग्रॅम. कांच तीन सेंटिमीटर व्यासाची धरली तर तिचें क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटरांच्या आसपास येतें. २०० मीटर खोलीवर तिच्यावर सुमारें १४५ किलोग्रॅम भार पडतो. लातूरच्या आडतींतील पन्नास किलोंचीं तुरीचीं तीन पोतीं त्या इवल्याशा कांचेवर ठेवल्यासारखें झालें! तो सोसण्यास कांच जाड हवी, पाठीमागचें झांकण जाड हवें, आणि आपोआप किल्ली देणारें फिरतें वजन आंत असेल तर त्यालाहि जागा हवी. परंतु याच गणिताची दुसरी बाजू अशी कीं, कांचेचा व्यास निम्मा केला तर निम्म्या जाडीनें काम भागतें. घड्याळ लहान केलें कीं तें सडपातळ करणें सुलभ होतें. १९६० च्या सुमाराचीं पाणबुडीं घड्याळें आज इतकीं सुटसुटीत वाटतात त्याचें रहस्य बरेंचसें येथेंच आहे. शिवाय त्यांची कांच लवचीक प्लास्टिकची व घुमटासारखी असे आणि धातूची डबी पातळ ठेवून उंची तिच्यावर सोंपविलेली असे. तीं दिवसा पाण्यांत आणि संध्याकाळीं कोटाच्या बाहीखालीं सारख्याच डौलानें वावरत.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईंतून जातो. फेवर-ल्युबा हें नांव आपल्या वडिलधाऱ्यांच्या तोंडीं असे. स्वित्झर्लंडांतील ल लोक्ल येथें १७३७ पासून घड्याळें करणाऱ्या या घराण्यानें १८६५ च्या सुमारास हिंदुस्थानच्या बाजारपेठेंत पाऊल टाकलें आणि मुंबईंत आपलें ठाणें केलें. पुढें 'सी-किंग', 'सी-चीफ' अशा सागरी नांवांचीं त्यांचीं पातळ, किल्लीचीं घड्याळें ज्यांनीं समुद्र कधीं पाहिलाहि नव्हता अशा गृहस्थांच्या मनगटांवर आलीं. त्यांतील कांहींच्या यंत्रांत एकाऐवजीं दोन स्प्रिंगपेट्या असत. त्यामुळें जाडी न वाढवितां चाल अधिक समान राही. याच कंपनीनें १९६४ मध्यें २०० मीटरांचें 'डीप ब्ल्यू' काढलें, आणि १९६८ मध्यें 'बॅथी' नांवाचें, पाण्याची खोली कांट्यानें दाखविणारें यांत्रिक घड्याळ. हें शेवटचें मात्र खोलीमापकामुळें चांगलेंच जाडजूड होतें.

१९६९ च्या डिसेंबरांत जपानच्या सेको कंपनीनें क्वार्ट्झचें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें, आणि पुढील पंधरा-वीस वर्षांत स्विस यांत्रिक घड्याळांचीं अनेक घराणीं उध्वस्त झालीं. फेवर-ल्युबाहि त्या लाटेंतून सुटलें नाहीं. मात्र त्याच क्वार्ट्झनें आपल्या देशांत पातळपणाचा एक पराक्रम घडविला. १९८४ मध्यें स्थापन झालेल्या टायटन कंपनीनें २००२ सालीं 'एज' हें घड्याळ काढलें. त्याचें यंत्र १.१५ मिलिमीटर आणि एकूण जाडी अवघी ३.५ मिलिमीटर; तरीहि तें ३० मीटरांच्या दाबाला टिकणारें. तें पाणबुड्याचें घड्याळ नव्हे, परंतु पाणी आणि पातळपणा यांचें वैर कायमचें नाहीं हें त्यानें दाखविलें. त्याच टायटननें २०११ मध्यें फेवर-ल्युबा हें नांव विकत घेतलें. पुढें तें एथॉस या दुसऱ्या भारतीय कंपनीच्या हातीं गेलें, आणि २०२४ च्या ऑगस्टांत जिनीव्हा येथें नव्या घड्याळांसह पुनः प्रकट झालें. त्यांत 'डीप ब्ल्यू' हें जुनें नांवहि आहे.

हें पुनरुज्जीवन एकट्याचें नाहीं. मध्यंतरीं ४४-४५ मिलिमीटर व्यासाच्या अवजड घड्याळांची लाट आली होती. तिच्यानंतर ओरिसनें २०१५ मध्यें आपल्या १९६५ च्या पाणबुड्या घड्याळाची, आणि राडोनें २०१७ मध्यें १९६२ च्या 'कॅप्टन कुक'ची नवी आवृत्ति काढली. ट्यूडरनें २०१८ सालीं ३९ मिलिमीटर व्यासाचें व ११.९ मिलिमीटर जाडीचें, तर २०२३ सालीं ३७ व्यासाचें आणि ११.२ जाडीचें घड्याळ आणलें. दोन्हीं २०० मीटरांचीं. खरें पाहतां आजचा पाणबुड्या खोली आणि वेळ सांगणाऱ्या संगणकावर विसंबतो. कांट्यांचें घड्याळ तो बहुधा दुसरा आधार म्हणून बांधतो. तेव्हां हजार मीटरांची बढाई कुणाच्याच कामाची नाहीं, हें लोकांना उमगूं लागलें आहे असें दिसतें.

शेवटीं घरगुती उपयोगाच्या चार गोष्टी. झांकणावर '३० मीटर' असें लिहिलें म्हणून त्या खोलीवर उतरतां येतें असें नव्हे. तो प्रयोगशाळेंतील स्थिर दाब होय. अशा घड्याळाला पावसाचे थेंब आणि हात धुणें एवढेंच सोसावें. पोहतांना हात मारल्यानें दाब भयंकर वाढतो ही समजूत मात्र चुकीची आहे. वेगानें मारलेल्या हातानेंहि फार तर अर्ध्या मीटर खोलीएवढी भर पडते. घड्याळें बुडतात तीं सुकलेल्या रबरी चकत्यांमुळें, उघड्या राहिलेल्या किल्लीमुळें, आणि गरम पाणी व साबण यांमुळें. म्हणून आजोबांचें घड्याळ कितीहि सागरी नांवाचें असो, तें बांधून गोदावरीच्या घाटावर डुबकी मारूं नये. चकत्या बदलून दाबाची परीक्षा झाल्याशिवाय तें कोरडेंच ठेवावें.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १९६० च्या सुमारापर्यंत कांट्यांना आणि अंकांना चमकण्यासाठीं पुष्कळदां रेडियमचा रंग देत. चमक केव्हांच विझली असली तरी रेडियमचें अर्धें आयुष्य सुमारें १६०० वर्षांचें असल्यामुळें त्याचा किरणोत्सर्ग तसाच राहतो. बंद डबींत त्याचा धोका अल्प. परंतु झांकण उघडून तो रंग खरवडल्यास त्याची धूळ श्वासावाटे शरीरांत जाते. असें घड्याळ मुलांना खेळावयास देऊं नये आणि घरीं उघडूं नये.

तिसरी गोष्ट जुनीं घड्याळें विकत घेणाऱ्यांसाठीं. साठ वर्षांपूर्वींच्या घड्याळाची तबकडी कोरी करकरीत आणि झगझगीत रंगाची दिसली, तर ती नव्यानें रंगविलेली असण्याचा संभव मोठा. आपल्या घरांतली पिवळी पडलेली, डागाळलेली तबकडी तिच्याहून अधिक खरी. ती हौसेनें रंगवून घेऊं नये. आणि जुन्या किल्लीच्या घड्याळाला हात लावणारा जाणता घड्याळजी गांवांत अजून असेल, तर घड्याळ बंद पडण्याची वाट न पाहतां त्याच्याकडे जावें. कारण ज्यांना ही विद्या येते त्यांची संख्या वाढत नाहीं.

घटिकापात्राचें छिद्र जितकें नेमकें, तितकी घटका खरी असे. मनगटी घड्याळाची गोष्टहि निराळी नाहीं. तें किती खोल जाऊं शकेल यापेक्षां, जेवढें सांगितलें तेवढें तें इमानानें पाळतें कीं नाहीं, हें पाहून त्याची निवड करावी.