वाचणे आणि लिहिणे

एकोणिसाव्या शतकात पंजाबात मुलींच्या शाळा फार थोड्या होत्या. तरीही काही मुली घरी वाचायला शिकत. मुसलमान मुली कुरआन शरीफ वाचत. शीख मुली गुरुमुखी लिपी शिकून गुरुबाणी म्हणत. धर्माचे शिक्षण हेच त्यांचे पहिले शिक्षण होते. परंतु मुलींनी लिहायला शिकणे पुष्कळ घरांत पसंत नव्हते. मुली कोणालाही पत्रे लिहू लागतील, अशी वडीलधाऱ्यांना भीती वाटे.

काही माणसांना हे पटेना. शीख गुरू अमरदास यांनी सोळाव्या शतकातच पडदा व सती या चालींना विरोध केला होता. त्यांच्याच पंथातील भाई तख्तसिंग यांनी १८९२ साली फिरोजपूर येथे मुलींची शाळा काढली. त्यांच्या पत्नी हरनाम कौर तेथे शिकवत. पुढे शाळेला वसतिगृहही जोडले गेले.

लाहोरला १८९८ साली ‘तहजीब-ए-निस्वाँ’ हे स्त्रियांचे उर्दू साप्ताहिक निघाले. मुहम्मदी बेगम त्याच्या संपादक होत्या. त्यांचे पती सय्यद मुमताज अली यांनी इस्लामच्या आधारेच स्त्रियांचे हक्क मांडणारे पुस्तक लिहिले. सुरुवातीला लोकांनी अंक परत पाठवले, शिव्यांची पत्रेही लिहिली. पण साप्ताहिक बंद पडले नाही. हळूहळू पडद्यातील स्त्रियाच त्यात लिहू लागल्या.

१९०८ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, मुहम्मदी बेगम वारल्या. साप्ताहिक मात्र पुढे अनेक वर्षे चालले. ज्या लेखणीची घरांना भीती वाटत होती, तिनेच घराघरांतील स्त्रियांना एकमेकींशी बोलते केले.