शरणागत आणि विजेता

व्हेनिसचा चित्रकार व्हेरोनेझे यानें १५६५ च्या सुमारास रंगविलेलें ‘अलेक्झांडरापुढें दरायसाचें कुटुंब’ हें चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. १८५७ सालीं तें तिनें विकत घेतलें. त्याची छापील प्रत आम्हीं नुकतीच पुन्हां न्याहाळली. इ. स. पूर्वीं ३३३ मध्यें इससच्या लढाईंत इराणचा राजा दरायस पळाला व त्याची आई, पत्नी आणि मुली शत्रूच्या हातीं सांपडल्या. राजमातेनें चुकून अलेक्झांडराच्या मित्रालाच राजा समजून वंदन केलें. ती ओशाळली, तेव्हां हाही अलेक्झांडरच आहे, असें सांगून त्यानें तिला धीर दिला, अशी कथा आहे. गंमत ही कीं, चित्रांतील अलेक्झांडर तांबड्या वस्त्रांतला कीं चिलखतांतला, याविषयीं पाहणारेही घोटाळतात! राजमातेची चूक चित्रकारानें आपल्याही वांट्यास दिली आहे.

आपल्याकडे अशा प्रसंगीं कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट सांगतात. तिला समकालीन पुरावा मात्र नाहीं. आम्हांस आठवतो तो पालघरचा किनारा.

बोईसरहून तारापुरास जाणाऱ्याच्या मनांत आज १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीजकेंद्र येतें, किल्ला क्वचितच. जानेवारी १७३९ मध्यें चिमाजीअप्पांच्या फौजेनें फिरंग्यांचा हा किल्ला निकराचा हल्ला करून घेतला. बाजी भिवरावांसारखा मोहरा तेथें पडला. तेथें तहाला अवसर राहिला नव्हता. त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई पडली, ती मात्र कराराने. शिबंदीनें हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडावें, कुटुंबांनीं चीजवस्त न्यावी, मागें राहतील त्यांनीं आपला धर्म पाळावा, असें ठरलें.

ही दया कीं हिशेब? मराठ्यांचीही माणसें फार पडलीं होतीं; आणखी एक हल्ला टळला, हा लाभच होता. तरीही सुडाची संधि हातीं असतां दिलेला शब्द पाळला गेला, हें आम्हांस लहान वाटत नाहीं.

अलेक्झांडराचें काय? पुढल्याच वर्षीं टायर शहर त्याला महिनोन्महिने अडून राहिलें. तें पडल्यावर हजारों रहिवासी मारले गेले, उरलेले गुलाम म्हणून विकले गेले. व्हेरोनेझेच्या चित्रांत भरजरी वस्त्रें आहेत, सज्जांतून डोकावणारे बघे आहेत, एक माकडही आहे. टायरच्या बायका त्यांत नाहींत. तारापूरच्या बायकांचें चित्र तर आमच्या पाहण्यांत कोठेंच आलें नाहीं.