‘स्वमग्न’ बाईला भूक कळत नाही तेव्हा

ऑटिझमला मराठीत आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. शब्द रुळलाय, पण गैरसमजाची सुरुवात इथूनच होते. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस स्वतःतच बुडालेला असतो, बाहेरच्या जगाशी त्याला देणंघेणं नसतं.

प्रत्यक्षात ऑटिझम असलेल्या अनेक प्रौढांना स्वतःच्या शरीराचीच खबर उशिरा लागते. भूक, तहान, लघवीची भावना, छातीतली धडधड हे आतले संकेत एक तर क्षीण जाणवतात, नाही तर त्यांचा अर्थ लागत नाही. सकाळी नऊला कामाला बसलेल्या बाईचं दुपारी चारला डोकं गरगरतं, तेव्हा तिच्या लक्षात येतं की डबा तसाच आहे, पाण्याची बाटलीही भरलेलीच आहे. घरी आल्यावर तिला रडू येतं. ते रागाचं, थकव्याचं की रिकाम्या पोटाचं, हे तिला सांगता येत नाही, कारण भावना ओळखायलाही हेच संकेत लागतात. ‘तुला होतंय तरी काय?’ या प्रश्नावर ती गप्प राहते आणि घरचे तिला आडमुठी म्हणतात. एडीएचडीतही अनेकांचं असं होतं.

एडीएचडीचा मराठी प्रतिशब्द ‘अवधान-न्यूनता’ही असाच फसवतो. लक्ष कमी नसतं, ते हवं तिथे वळवता येत नाही. आवडीच्या विषयात सहा तास डोकं वर न काढणाऱ्या माणसाकडून विम्याच्या फॉर्मवरची सही तीन आठवडे होत नाही. याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आळसात थोडा तरी आराम असतो. हा माणूस खुर्चीत बसून तासन्‌तास स्वतःला ‘ऊठ, ऊठ’ म्हणत असतो आणि दमून जातो. ‘दहा मिनिटांत निघतो’ हेही तो खोटं बोलत नाही, दहा मिनिटं किती हे त्याला आतून जाणवतच नाही. शिवाय दृष्टिआड सृष्टी! फ्रिजच्या खालच्या कप्प्यातली मेथी सडते, बिलाची तारीख उलटते आणि दंड भरावा लागतो.

रात्री लवकर झोप न येण्याचं खापर मोबाईलवर फुटतं. पण एडीएचडी असलेल्या अनेक प्रौढांच्या शरीरात झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन मुळातच उशिरा वाढू लागतं.

‘लहानपणी तर काही नव्हतं, आता कुठून आलं?’ हा प्रश्न हमखास येतो. एडीएचडीचं निदान करताना काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात. ती असतातही, फक्त शाळेचं वेळापत्रक आणि आईची हाक यांनी सगळं सावरून धरलेलं असतं. नोकरी, संसार, मूल आलं की तो आधार सुटतो. ऑटिझम असलेल्या अनेक मुली तर लहानपणापासून बाकीच्यांकडे बघून हसायचं कधी, मान डोलवायची कधी हे पाठ करतात. अशी बाई लग्नाच्या हॉलमध्ये बँडचा आवाज, अत्तराचा वास, टोचणारी जर आणि ‘ओळखलंस का मला?’ हे सगळं हसतमुखानं पार पाडते. पुढचे दोन दिवस ती अंधार करून पडून असते. ते दोन दिवस पाहुण्यांना दिसत नाहीत.

ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही एकत्र असूच शकत नाहीत, असं तर 2013 पर्यंत डॉक्टरही मानत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती त्या वर्षी आली, तेव्हा कुठे दोन्ही निदानं एकाच माणसाला देण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडीचं नाव नाही. दोन्ही असलेल्यांची ओढाताण वेगळीच. एक मन रोज तीच पोळी-भाजी मागतं, दुसऱ्याला एके दिवशी तिचा घास गिळवत नाही.

अशा माणसाला ‘काय होतंय?’ असं विचारून उपयोग होत नाही. ‘सकाळपासून काय खाल्लंस?’ असं विचारा. याचं उत्तर त्याला देता येतं, आणि पुष्कळदा ते ‘काहीच नाही’ असं असतं.