पंधरा सेंटिमीटरचा फरक

भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती ज्यूल व्हर्न दिला, तेव्हापासून एका प्रश्नाने मला पछाडले आहे: बुंदेलखंडाचा राजपुत्र कॅप्टन नीमो पाठीवर हवा घेऊन समुद्रतळावर चालतो कसा? ते उपकरण व्हर्नच्या कल्पनेतले नव्हतेच. बेन्वा रुकेरोल या खाण अभियंत्याने १८६० साली ते खाणीतल्या बचावकार्यासाठी रचले होते. १८६४ मध्ये नौदलातल्या ऑग्युस्त दनेरूझच्या साथीने ते पाण्याखाली गेले. दोघेही फ्रान्समधल्या, समुद्रापासून लांबच्या एस्पालियों परिसरातले. त्या काळच्या टाकीत पुरेशी हवा दाबून भरता येत नसे. त्यामुळे पाणबुड्याची नळी बहुधा वरच्या पंपालाच बांधलेली राहिली.

पुढची सात-आठ दशके मी ओलांडतो. डिसेंबर १९४२, जर्मनांच्या ताब्यातले पॅरिस. नौदल अधिकारी झाक कुस्तो आपल्या सासऱ्यांच्या ओळखीने ‘एअर लिक्विड’ कंपनीतल्या एमिल गान्यांना भेटतो. पेट्रोल जर्मनांनी उचललेले, म्हणून मोटारी लाकूड-कोळशाच्या गॅसवर चालवण्यासाठी गान्यांनी एक झडप बनवली होती. (युद्धकाळात आपल्याकडेही कोळशावरच्या बस धावत.) हवे तेव्हा, हवा तेवढाच वायू सोडणारी ही झडप पाणबुड्यालाही नेमकी लागत होती. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, आणि छातीला त्याच दाबाची हवा मिळाली नाही तर श्वास ओढताच येत नाही.

१९४३ च्या जानेवारीत मार्न नदीच्या गार पाण्यात चाचणी झाली. आडवे पोहताना सगळे सुरळीत. उभे राहिले की हवा भसाभस वाहून जाई. डोके खाली केले की श्वास ओढणे जड होई. हवा सोडणारी झडप, म्हणजे नियंत्रक, पाठीवर होता आणि उच्छ्वासाचे तोंड त्याच्यापासून दूर. माणूस उभा राहिला की ते सुमारे १५ सेंटिमीटर वर जाई. तिथे पाण्याचा दाब तेवढाच कमी, म्हणून हवा आपोआप निसटे. गान्यांनी उच्छ्वासाची नळी मागे वळवून तिचे तोंड नियंत्रकालगत आणले. आता माणूस कसाही वळो, आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा एकाच पातळीवर. जुन्या छायाचित्रांत पाणबुड्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना नळ्या दिसतात, त्या यामुळेच. स्कूबाचा खरा जन्म मी या दुरुस्तीत मानतो.

कुस्तोला चित्रपट मिळाले, जहाज मिळाले, जगभर कीर्ती मिळाली. त्याचे धाडस आणि समुद्रप्रेम अस्सल होते, ती कीर्ती त्याला शोभतेच. पण गान्यां १९४७ साली माँट्रियलला गेले, तिथेही पाणबुड्यांच्या उपकरणांवर काम करत राहिले, आणि सामान्य वाचकाला त्यांचे नाव ठाऊक नाही. हे अन्यायाचे आहे. आज मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ हजारो पर्यटक त्याच तत्त्वाच्या जोरावर पाण्याखाली श्वास घेतात. तिथल्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे: पहिल्या धड्यात कुस्तोसोबत रुकेरोल आणि गान्यां ही नावेही सांगा.